बनावट

रजिस्टरात सात रकाने.
तारीख, नाव, परवाना क्रमांक, बोअर,
बनावट, दोष, सही.
पाचव्याशी माझं पेन दरवेळी अडतं.
बनावट म्हणजे कुणी घडवलं ते.
बनावट म्हणजे खोटं, तेही.
सरकारी छापखान्याला यात काही वावगं वाटलेलं नाही.

इलेक्शन उरकलं, ठाण्यात जमा झालेली हत्यारं सुटली,
आणि शिरोळचे भुजगोंडा अण्णा उद्यमनगरात आले
एकाच पंचात गुंडाळलेली दोन पिस्तुलं घेऊन.
दोन्ही बत्तीस बोअरची.
एक वडिलांचं, समुद्रापारच्या मूळ कारखान्यातलं.
दुसरं त्याच कंपनीच्या परवान्यावर
भलत्याच मुलखात घडलेलं.
नाव तेच, शिक्का तोच,
शिक्क्याखाली फक्त एक बारीक जादा ओळ.
"ते परवान्यावर बनलंय, मी परवान्यावर बाळगतोय," अण्णा हसले.
"आता सांगा मिस्त्री, फरक काय?"

अब्बांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.
मॅगझिनं काढली, आत काही नाही ना ते दोनदा बघितलं,
मग कानाशी नेऊन स्लाइड ओढली, सोडली.
एकदा हे, एकदा ते.
गंगावेशीत कट्ट्यावर बसलेला म्हातारा
नुसत्या धारेच्या आवाजावरून म्हैस सांगतो, तसे डोळे मिटून.
मूळचं म्हणालं, स्सक.
दुसरं म्हणालं, स्सक,
आणि मागाहून उगाच थोडं खर्र.

"वरनं दोघांचंबी पॉलिश आरशावानी," अब्बा म्हणाले,
मुठीचा स्क्रू सोडवत.
"पर हितं बघा. गिऱ्हाइकाचा डोळा जात न्हाई हितं.
कानशीचं ओरखडं तसंच सोडल्यात.
ड्रॉइंग तेच, पोलाद तेच.
घाई निराळी."
मी बोट फिरवलं. नारळाच्या खवणीसारखं लागलं.

"मग विकू म्हणता?"

अब्बा बोलले नाहीत.
भिंतीपलीकडं चौगुल्यांच्या फाउंड्रीत मोल्ड फोडत होते.
याच बोळात माझ्या आज्यानं
विलायती ऑइल इंजिन नटबोल्टासकट उकलून
वाळूत त्याचे साचे पाडले होते.
पहिल्याचं हेड तडकलं.
दुसरं एवढं हादरायचं की चौथरा सोडून
हातभर चालत गेलं म्हणतात.
सातवं गडहिंग्लजच्या एका विहिरीवर
सदतीस वर्षं पाणी ओढत राहिलं,
आणि बंद पडलं तेही मालकानं वीज घेतली म्हणून.
परवाना कसला, कुणी विचारलाच नव्हता.

मग अब्बांनी मूळचं उघडलं.
आत सगळं लोण्यासारखं, एकही कड बोचत नव्हती.
फक्त एक स्प्रिंग निराळ्या रंगाची.
"ही तिकडची न्हाई," ते पुटपुटले.
भिंगातून बराच वेळ बघत राहिले.
मुठीच्या आतल्या बाजूला तीन ठिपके ठोकलेले,
त्रिकोणात.
आमच्या घरातल्या सुरीवर आहेत तसे,
तेलाच्या बुधलीच्या बुडाला आहेत तसे.

अण्णांना त्यांनी ते दाखवलं नाही.
मूठ बसवली, स्क्रू आवळला,
परवान्यावरचं पुढ्यात ओढलं
आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन
कुणाच्याच डोळ्याला पडणार नाही अशा जागी
चार दिवस घासत बसले.
बिलात फक्त साफसफाई लावली.
अण्णांनी त्यातलेही पन्नास तोडले.

मी पाचव्या रकान्यात दोन देशांची नावं लिहिली.
शिकलगार लिहायला तिथं जागा नव्हती.
सहाव्यात लिहिलं, घाई.

महिन्यानं तपासणीला आलेल्या हवालदारानं
त्या शब्दावर बोट ठेवलं.
"हा कसला दोष, ताई?"
म्हटलं, बसा, चहा सांगते, समजावून देते.
त्यानं घड्याळ बघितलं,
उभ्या उभ्याच सही केली.